मुलाची पारख आणि आपल्या मोजपट्ट्या



मुलाच्या विकासात काही अडथळा आहे की काय, आणि असल्यास तो कोणत्या प्रकारचा आहे, हे कसे ठरवले जाते याविषयी मी आज बोलणार आहे. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, हा यांपैकी सर्वांत चर्चेत असलेला विकार होय. परंतु बौद्धिक अक्षमता, अतिचंचलता व अवधानदोष, वाचन-लेखनातील अक्षमता, वाचा व भाषा यांचे विकार ही सारी एकाच कुळातील भावंडे आहेत आणि एकाच मुलात त्यांपैकी दोन-तीन एकत्र आढळणे मुळीच विरळ नाही. हा प्रश्न मूठभर कुटुंबांचा आहे अशी कोणाची समजूत असेल तर ती सोडून द्यावी लागेल. कांग्रा, पलवल, धेंकनाल, उत्तर गोवा आणि हैदराबाद या पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षे वयाच्या सुमारे चार हजार मुलांची पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. दृष्टिदोष, श्रवणदोष आणि अपस्मार यांचाही समावेश केला असता, साधारणपणे आठ मुलांमागे एका मुलात असा किमान एक विकार आढळून आला.

बंगळुरू शहराला या कामाची परंपरा आहे. १९५४ मध्ये येथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली. १९७४ मध्ये ती आणि जुने मनोरुग्णालय यांच्या एकत्रीकरणातून 'निमहान्स' ही संस्था उदयास आली. बालकांची मानसिक तपासणी करणाऱ्यांच्या अनेक पिढ्या तेथे तयार झाल्या. तरीही या शहरात काय, किंवा जगात अन्यत्र काय, स्वमग्नता ओळखणारी रक्ताची चाचणी अथवा मेंदूचे छायाचित्र आजही उपलब्ध नाही. १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन करून या अवस्थेला नाव दिले, ते मुलांच्या वर्तनाच्या बारकाईने केलेल्या निरीक्षणावरून. आजचे निदानही प्रामुख्याने निरीक्षणावर आणि आईवडिलांच्या सांगण्यावरच उभे आहे. निरीक्षण करणारा माणूस आणि त्याच्या हातातील मोजपट्टी या दोहोंचा विचार म्हणूनच अगत्याचा ठरतो.

तपासणीचा क्रम प्रथम ध्यानात घेऊ. समजा, अडीच वर्षांचा एक मुलगा बोलत नाही, हाक मारली असता वळून पाहत नाही. सर्वांत आधी त्याचे कान तपासले पाहिजेत. कारण ज्याला ऐकू येत नाही तोही हाकेला ओ देणार नाही. त्यानंतर जन्माचा आणि वाढीचा वृत्तान्त विचारला जातो. मान केव्हा धरली, पाऊल केव्हा टाकले, पहिला शब्द केव्हा उच्चारला आणि आलेले शब्द मागाहून नाहीसे झाले काय? मग मूल खेळताना पाहावयाचे. आकाशातले विमान पाहून ते बोट दाखवते काय, आणि बोट दाखवल्यावर आईनेही पाहिले की नाही याची खात्री करून घेते काय? भातुकलीतला खोटा चहा ते पिते काय, की बशी जमिनीवर गरगर फिरवण्यातच रमून जाते? आवाजाने, स्पर्शाने अथवा नित्यक्रमातील लहानशा बदलाने ते बेभान होते काय? या प्रश्नांची उत्तरे एका बैठकीत क्वचितच मिळतात. परक्या खोलीत, परक्या माणसापुढे बावरलेले मूल आपले खरे रूप दाखवीलच असे नाही. म्हणून घरातील व बालवाडीतील माहितीला तपासणीच्या खोलीतील निरीक्षणाइतकेच मोल द्यावे लागते.

यानंतर चाचण्या येतात. येथे एका मराठी-कानडी कथेचा उल्लेख करणे उचित होईल. फ्रान्समध्ये बिने व सिमाँ यांनी १९०५ मध्ये बुद्धिमापनाची पहिली चाचणी तयार केली. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी तिचे कानडी व मराठी भाषिक मुलांसाठी रूपांतर केले. त्यांचा त्यावरील निबंध १९३४ मध्ये आणि ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. मुलाच्या मानसिक वयाला त्याच्या प्रत्यक्ष वयाने भागून शंभराने गुणले की बुद्ध्यांक मिळतो. आठ वर्षांचे मूल सहा वर्षांच्या मुलाइतकीच उत्तरे देऊ शकले तर त्याचा बुद्ध्यांक ७५ येतो. परदेशी मुलांच्या मापाने आपली मुले मोजू नयेत, या जाणिवेतून हे काम झाले आणि त्याचे ऋण मानलेच पाहिजे. पुढे नागपूर येथे ए. जे. मालिन यांनी भारतीय मुलांसाठी बुद्धिमापनाची श्रेणी सिद्ध केली आणि मुलाच्या दैनंदिन व्यवहारातील क्षमता मोजणाऱ्या व्हाइनलँड श्रेणीचेही रूपांतर केले.

परंतु प्रत्येक मोजपट्टीला जन्मगाव असते आणि जन्मतारीखही असते. कामतांच्या चाचणीची प्रमाणके ज्या मुलांवरून ठरली ती मुले आज हयात असतील तर शंभरीच्या आसपास किंवा त्याही पुढे असतील. जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की अमेरिकेत दर दशकाला सरासरी बुद्ध्यांक सुमारे तीन गुणांनी वाढत गेला होता. याचा अर्थ असा की जुन्या प्रमाणकांशी तुलना केल्यास आजच्या मुलाचा अंक वास्तवाहून फुगलेला येण्याचा संभव आहे. हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. बौद्धिक अक्षमता ठरवताना ७० च्या आसपासचा अंक उंबरठ्यासारखा मानला जातो. जुन्या पट्टीवर ७६ मिळालेले मूल नव्या पट्टीवर कदाचित उंबरठ्याच्या आत असते. पण कागदावर ते बाहेर राहते आणि शिष्यवृत्ती, सवलती व विशेष शिक्षण या साऱ्यांस मुकते. कामतांच्या चाचणीच्या गुणांकनातील अडचणींविषयी याच शहरातील चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांनी लिहिले आहे, ही समाधानाची गोष्ट होय.

दुसरी अडचण भाषेची. बोलून उत्तर द्यावयाच्या प्रश्नांनी न बोलणाऱ्या मुलाची बुद्धी कशी मोजावी? अशा मुलापुढे सेग्विनचा लाकडी फलक ठेवतात. निरनिराळ्या आकारांचे ठोकळे योग्य खाचांत बसवावयाचे असतात, आणि शब्द न उच्चारणारे एखादे मूल ते झरझर बसवून जाते. बंगळुरूत तर भाषेचा गुंता आणखी मोठा आहे. बेळगावहून आलेल्या कुटुंबात आई मराठीत बोलते, सांभाळणारी बाई कानडी किंवा तमिळ बोलते आणि शाळा इंग्रजीत शिकवते. अशा घरातील मूल उशिरा बोलू लागले की 'घरी इंग्रजीच बोला' असा सल्ला सर्रास दिला जातो. दोन भाषा कानांवर पडल्याने स्वमग्नता उद्भवत नाही, तसेच स्वमग्न मुलाच्या भाषेची त्यामुळे हानी होते असेही अभ्यासांत आढळलेले नाही. आईला ज्या भाषेत अंगाई गाता येते, रागावता येते, लाड करता येतात ती भाषा तिच्याकडून काढून घेतल्यास मुलाचे नुकसानच अधिक. तपासणी करणाराने मात्र मुलाला घरच्या भाषेत किती समजते हे विचारल्याविना निष्कर्ष काढू नये.

आता कायद्याकडे वळू. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात स्वमग्नतेचा समावेश नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि २०१६ च्या कायद्यातील एकवीस प्रकारांत स्वमग्नता व अध्ययन-अक्षमता या दोहोंना स्थान मिळाले. सिकंदराबाद येथील तत्कालीन राष्ट्रीय मतिमंद संस्थेने स्वमग्नतेच्या मूल्यमापनासाठी भारतीय श्रेणी तयार केली आहे. तिच्यात चाळीस बाबी असून प्रत्येकीला एक ते पाच गुण देतात. बेरीज ७० च्या खाली असल्यास स्वमग्नता नाही असे मानतात. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यापुढे तीव्र. १०६ आणि १०७ या अंकांमध्ये निसर्गाने कोणतीही भिंत बांधलेली नाही. ती प्रशासनाच्या सोयीसाठी आपण बांधली आहे. तशी ती बांधावीच लागते. पण भिंतीलगत उभ्या असलेल्या मुलाविषयी निर्णय देताना केवळ बेरजेवर विसंबू नये.

मग मूल्यमापन चांगले झाले हे कशावरून ओळखावे? माझ्या मते, अहवाल वाचून आईवडिलांना उद्या सकाळी काय करावयाचे ते कळले पाहिजे. मुलाला काय येते, कोणत्या मदतीने काय येऊ शकेल आणि पुन्हा केव्हा तपासावयाचे, एवढे तरी त्यात असावे. कोणती चाचणी वापरली, ती कोणत्या काळातील आहे आणि कोणत्या भाषेत घेतली, हेही त्यात नोंदलेले असावे आणि पालकांनी ते निःसंकोचपणे विचारावे. निदान पक्के होईपर्यंत मदत थांबवून ठेवण्याचे मात्र काहीच कारण नाही. डॉ. प्रतिभा कारंत यांनी २००० मध्ये या शहरात 'कम्युनिकेशन डील' हा लहान मुलांसाठीचा उपक्रम सुरू केला. वाचा, भाषा व सामाजिक व्यवहार यांवरील काम शाळेत जाण्यापूर्वीच झाले पाहिजे, हीच त्यामागील भूमिका आहे. 'मुलगे उशिराच बोलतात, थोडे थांबा' या घरोघरच्या दिलाशाने जी दोन-तीन वर्षे निघून जातात ती नंतर भरून काढणे कठीण असते. ज्यांच्या मनात शंका आहे त्यांनी मुलाची श्रवणतपासणी या महिन्यातच करून घ्यावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.