तासाचा भाव

(काटोल येथील व्याख्यानमालेत एका निवृत्त परिसेविकेने दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



संत्र्याच्या गावात उभी आहे, तेव्हा सुरुवात बाजारापासूनच करते. झाडं फुलावर असतानाच उभी बाग व्यापाऱ्याला देऊन टाकणारे बागायतदार तुम्ही पाहिले आहेत. ठोक रक्कम हाती येते, बरं वाटतं. पुढे तोड झाली, माल मोजला गेला, की कळतं आपण किती खाली दिली. आम्ही नर्सा आमचा महिना असाच देतो. उभा, न मोजता.

माझी पहिली नोकरी एका खाजगी दवाखान्यात होती. कोणी रजेवर गेली की निरोप यायचा, ‘सिस्टर, आजची नाईटही तुम्हीच बघा.’ त्याचे पैसे मिळत नसत. वहीत ‘बदली सुट्टी’ अशी नोंद व्हायची. वर्षअखेरीला माझ्या नावावर १४ बदली सुट्ट्या होत्या, घेतलेली एकही नाही. त्याच वहीच्या मागच्या पानावर मी पहिल्यांदा भागाकार केला.

तो आज तुमच्यासमोर करते. आकडे उदाहरणापुरते. रोज १२ तासांची ड्यूटी, महिन्याला २६ दिवस, म्हणजे ३१२ तास. पगार १५,००० रुपये. तासाला पडले ४८. आता ड्यूटी ८ तासांची, तास २०८, पगार २०,०००. तासाला ९६. पगारात भर ५,००० ची, पण तासाचा भाव दुप्पट! म्हणून कमाई वाढवायची म्हणजे आणखी एक ड्यूटी ओढायची, हा हिशेब आधी डोक्यातून काढा.

यातला २०,००० चा आकडा मी मनाने घेतलेला नाही. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनच्या याचिकेवर २९ जानेवारी २०१६ रोजी सुप्रीम कोर्टाने केंद्राला समिती नेमायला सांगितलं. समितीने म्हटलं, २०० हून अधिक खाटांच्या खाजगी रुग्णालयात सरकारी नर्सइतका पगार द्या. १०० ते २०० खाटा असतील तर फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० असतील तर फार तर २५ टक्के कमी. आणि ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी किमान २०,०००. ही शिफारस आहे, कायदा नव्हे. पण पगाराचं बोलायला बसताना आपल्या दवाखान्यात खाटा किती, हे ठाऊक असावं. नुसतं ‘साहेब, थोडं वाढवा’ म्हटलं की थोडंच वाढतं.

आता भाव वाढतो कशाने? अंगावर घेतलेल्या जबाबदारीने, आणि त्या जबाबदारीच्या कागदाने. अमेरिकेत १९६५ साली कोलोराडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या नर्सने आणि हेन्री सिल्व्हर या डॉक्टरांनी ‘नर्स प्रॅक्टिशनर’ घडवायला सुरुवात केली. जिथे डॉक्टर पोचत नाही तिथे तपासणारी, औषध देणारी नर्स. आपल्याकडेही अतिदक्षता विभागासाठी बी.एस्सी. नर्सिंगनंतर दोन वर्षांचा आणि प्रसूतीसाठी १८ महिन्यांचा तसा अभ्यासक्रम आला. मात्र प्रवेश घेण्याआधी विचारा, शिकून झाल्यावर पद कुठे आहे? पदाशिवाय पदवी म्हणजे गिऱ्हाइकाशिवाय माल.

आपल्या तालुक्याच्या गावाला जास्त जवळचा रस्ता समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचा. सहा महिन्यांचं प्रशिक्षण, मग उपकेंद्रावर नेमणूक. बीपी-शुगर तपासायची, ठरलेली औषधं द्यायची, अडलं तर फोनवर डॉक्टर जोडून द्यायचा. महाराष्ट्रात या पदासाठी २५,००० मानधन आणि कामावर आधारित १५,००० पर्यंत मोबदला असं सूत्र ठरलं. नोकरी कंत्राटी, हे मात्र विसरू नका. सरकारी अधिपरिचारिकेची सातव्या वेतन आयोगातली सुरुवात ३५,४०० मूळ वेतनाची, भत्ते वेगळे. पोरींनो, वय आहे तोवर या पदाच्या परीक्षा देत राहा.

परदेशाचंही सांगते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. जायचं असेल तर आधी भाषा पक्की करा. आणि एजंट लाखांत बोलू लागला, तर नियम सांगा: नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढंच घेता येतं.

राहिलं घरपोच काम. मधुमेहाच्या पायाचं ड्रेसिंग, लघवीची नळी बदलणं, अंथरुणावरच्या म्हाताऱ्याच्या पाठीची जखम. नोंदणी चालू ठेवा, डॉक्टरांची चिठ्ठी पाहा, केलं ते लिहून ठेवा. मनाने इंजेक्शन देऊन पैसे मिळवाल, पण एखाद्या दिवशी तेच रजिस्ट्रेशनवर बेतेल.

शेवटचं मात्र नर्सांना सांगत नाही, बाकीच्यांना सांगते. निवृत्तीनंतर मी एका घरी ड्रेसिंगला जात असे. पट्टी सोडवायची, जखम धुवायची, कडा बघायच्या, बोटं गार पडलीत का चाचपायचं. पाऊण तास जाई. निघताना घरधनी म्हणाला, ‘सिस्टर, दोन मिनिटाचं तं काम हाये, याचे कायचे पैसे?’

मी घड्याळ काढून त्याच्यासमोर धरलं. तो हसला, आणि त्याने पैसे दिले. तोही बागायतदार होता. मोजमाप त्याला लगेच कळलं.