घर विकणे आहे

कोल्हापूरपासून साठेक किलोमीटरवर, शिरोळ तालुक्याच्या अगदी टोकाला खिद्रापूर आहे. तीन बाजूंनी कृष्णा, पलीकडे कर्नाटक. शिलाहारांच्या काळातलं कोपेश्वराचं मंदिर आणि त्याचा वर आभाळ मोकळं ठेवणारा, ४८ खांबांचा स्वर्गमंडप पाहायला लांबून माणसं येतात. मंदिरामागच्या एका गल्लीत २०२२ साली एका दारावर खडूनं लिहिलं होतं, ‘घर विकणे आहे.’ खाली फोन नंबर माझा होता.

कृष्णेचं पाणी २००५ मध्ये आलं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये आलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा आलं. मातीची भिंत पाण्यात फुगते, ऊन लागलं की भेगाळते आणि मग एखाद्या रात्री बसते. आमची मागची भिंत अशीच बसली. अम्मी-अब्बा गेलेले, मी कोल्हापुरात, धाकटा भाऊ इचलकरंजीत मागावर. ठेवायचं कुणासाठी?

गिऱ्हाईक मिळालं. मग कागद. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा असतो, पण तो घरपट्टीपुरता. (आता स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका देतात, ते बरं झालं.) मंदिरात सिंघण यादवाचा तेराव्या शतकातला दानाचा शिलालेख अजून आहे, आमच्या घराचा भरवशाचा कागद मात्र सापडेना. शेवटी वारसांच्या सह्यांवर आलं.

मी मिरजेला बहिणीला फोन केला. म्हटलं, ‘‘ये, हक्कसोडपत्रावर सही कर. तुझी चोळीबांगडी करतो.’’

आमच्याकडं शरियतप्रमाणे भावाला दोन वाटे, तर बहिणीला एक. दोन भाऊ, एक बहीण म्हणजे पाचातला एक तिचा. हे मला तोंडपाठ होतं. व्यासपीठावरून मी ते अभिमानानं सांगितलेलंही आहे. हिंदू घरांत २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आला. तरी आमच्या गल्लीत कोणत्याही धर्माच्या घरी सहीचा दिवस सारखाच असायचा. बहीण येणार, जेवणार, सही करणार, साडी घेऊन जाणार. माझ्या फुफीनंही तसंच केलं होतं.

बहीण फोनवर थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘भाई, फुफीनं सही केली ती माहेर राहावं म्हणून. दोन दिवस येऊन टेकायला दार उघडं राहावं म्हणून. तुम्ही दारच विकताय. मग मी कशाच्या बदल्यात सोडू?’’

मला राग आला, खोटं कशाला सांगू? धाकटा तर आठ दिवस बोलला नाही. पण बायकांच्या दुःखावर मी कविता लिहिल्या आहेत, टाळ्या घेतल्या आहेत. तिच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडं उत्तर नव्हतं.

हक्कसोडपत्र केलंच नाही. खरेदीखतावर तिघांनी विकणार म्हणून सह्या केल्या आणि पाचवा वाटा तिच्या खात्यात गेला. निघताना तिनं पडक्या भिंतीजवळून अम्मीचा पाटा उचलला. तो गिऱ्हाइकाला दिलेल्या सामानात धरला होता, पण कुणी काही बोललं नाही.

ईदला ती माझ्याकडं मुक्कामी आली. जेवताना सहज विचारलं, ‘‘भाई, या घराच्या कागदावर कुणाकुणाची नावं आहेत?’’

मला दोन मुलगे आणि एक मुलगी आहे. मुलगी ताटात शीरखुर्मा वाढत होती. ती थांबली आणि माझ्याकडं बघायला लागली.