पोटाच्या तक्रारी आणि श्वासाचा व्यायाम



धुळे, नंदुरबार व जळगाव जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे उदरनिर्वाहासाठी सुरतेत जाऊन राहिली आहेत. लिंबायत व उधना भागांतील यंत्रमागांवर बारा-बारा तासांची पाळी चालते. पाळी बदलली की जेवणाची व झोपेची वेळ बदलते. मग पोट फुगणे, करपट ढेकर, छातीत जळजळ, कधी मलावरोध तर कधी जुलाब सुरू होतात आणि मजुरीचा पैसा चूर्ण-गोळ्यांत जातो. तपासणीत मात्र पुष्कळदा काहीच सापडत नाही. म्हणून दुखणे काल्पनिक ठरत नाही. अवयवाची रचना निर्दोष असते, बिघडलेले असते ते त्याचे कार्य. अशा विकारांना कार्यात्मक विकार म्हणतात.

छाती व पोट यांच्यामध्ये श्वासपटल हा घुमटाकार स्नायू आहे. अन्ननलिका त्यातूनच जठराकडे उतरते. तेथे त्याचे तंतू तिला वेढून आम्ल वर येऊ देत नाहीत. शिवाय संथ श्वासाने, विशेषतः दीर्घ उच्छ्वासाने, व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव वाढून मनाचा व आतड्यांचा ताण उतरतो. ऑस्ट्रियातील ग्रात्स येथील वैद्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, चार आठवड्यांच्या उदरश्वसनाने आम्लाचा त्रास कमी झालेला आढळला. रुग्ण थोडेच होते, हे मात्र विसरू नये. खाल्लेले अन्न नकळत पुन्हा तोंडात येण्याच्या विकारावर तर हाच प्रमुख उपाय मानला जातो.

या विषयाच्या शास्त्रीय अभ्यासाचा एक धागा खानदेशातला आहे. सुरतेहून जळगावकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील अमळनेर येथे जगन्नाथ गणेश गुणे शिक्षक होते. तेच पुढे स्वामी कुवलयानंद झाले. १९२०-२१ च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साह्याने उड्डियान व नौली यांची परीक्षा केली. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेहून कमी होतो, असे त्यांना आढळले. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले. उड्डियान व नौली मात्र जाणकारावाचून करू नयेत. गर्भवती, रक्तदाबाचे, हर्नियाचे व जठरव्रणाचे रुग्ण यांनी तर मुळीच नाही.

साध्या उदरश्वसनास असा धोका नाही. उताणे निजून गुडघे वाकवावेत, एक हात छातीवर व एक पोटावर ठेवावा. नाकाने श्वास घेताना पोटावरचा हात उचलला जावा, छातीवरचा स्थिर राहावा. श्वास घेण्यापेक्षा सोडण्यास अधिक वेळ द्यावा. मिनिटास सहा ते आठ श्वास पुरेत. चक्कर आल्यास थांबावे. आरंभी दहा मिनिटे, दिवसातून दोनदा. गुण येण्यास काही आठवडे लागतात.

परंतु शौचातून रक्त, काळी विष्ठा, वजनात घट, गिळण्यास अडथळा, ताप, पंडुरोग, झोपेतून उठविणारी वेदना किंवा पन्नाशीनंतर प्रथमच उद्भवलेली तक्रार यांस ‘गॅस’ म्हणून श्वासावर सोपवू नये. प्रथम डॉक्टरांकडे जावे. छातीतील जळजळ हातात वा जबड्यात पसरून घाम फुटला, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

रात्रपाळीच्या कामगाराने हा व्यायाम घरी परतल्यावर, निजण्यापूर्वी करावा. जेवण झाले असल्यास उशीला पाठ टेकून बसूनच करावा.