अंधारातला लामा: अँडीजमध्ये रात्री वर काय बघायचं?

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजचा भाग शक्यतो रात्री ऐका, जमलं तर गच्चीवर जाऊन. वाचत असाल तर स्क्रीनचा ब्राइटनेस जरा कमी करा. का, ते पुढे कळेलच.

मी पेरूहून आले तेव्हापासून मेसेज येतायत, माचू पिचूवर भाग कधी? अहो, माचू पिचूचे व्हिडिओ पैशाला पासरी मिळतात. मला बोलायचंय तिथल्या रात्रीबद्दल. कारण त्या सहलीत माझी सगळ्यात मोठी फजिती रात्री झाली, आणि सगळ्यात जास्त शिकलेही रात्रीच.

जूनचा तिसरा आठवडा. कुस्को शहरापासून तास-दीड तासावर मारास नावाचं गाव आहे, डोंगराच्या उतारावरच्या मिठागरांसाठी प्रसिद्ध. त्याच्या वरच्या अंगाला एका वस्तीत आम्ही एका शेतकरी कुटुंबाकडे उतरलो होतो. उंची साडेतीन हजार मीटरच्या पुढे, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. रात्री आठ-साडेआठला जेवून अंगणात आले आणि वर बघून अक्षरशः गप्प झाले. आकाशगंगा एवढी ठळक, की आधी वाटलं ढग आलेत.

मग मी काय केलं? जे आपण सगळे करतो तेच. फोन काढला, आकाशाचं ॲप उघडलं. ॲपने लगेच रेघा मारून दिल्या: हा वृश्चिक, हा नरतुरंग, हा त्रिशंकू. मी खूश. तेवढ्यात घरातले काका घोंगडी घेऊन आले. त्यांची भाषा केचुआ, थोडं स्पॅनिश. माझं स्पॅनिश म्हणजे ॲपवर शिकलेलं. त्यांनी माझ्या स्क्रीनकडे बघितलं, हसले आणि म्हणाले, ‘आपागा.’ बंद कर.

केला बंद. मग दहा-पंधरा मिनिटं ते काहीच बोलले नाहीत. थंडीने माझे दात वाजत होते. शेवटी दक्षिणेकडे हात करून म्हणाले, ‘ल्यामा.’ लामा. तिबेटमधले नव्हेत हं, उंटाच्या कुळातला तो लांब मानेचा, लोकरीचा प्राणी. मी चमकणारे तारे जोडून लामा बनवायला लागले. मान कुठली, पाय कुठले, काही जमेना. काका मान हलवत राहिले. मग त्यांनी आपली टोपी काढून माझ्या डोळ्यांसमोर आकाशावर धरली. आकाशगंगेच्या उजेडावर टोपीचा काळा आकार दिसला. टोपी बाजूला घेतली, तर मागे आकाशात तसाच काळा आकार होता. लांब मान, पाठ, पाय. लामा ताऱ्यांचा नव्हताच. दोन चांदण्यांच्या गर्दीमधल्या अंधाराचा होता.

आम्ही प्रोग्रामर लोक डेटामध्ये रिकामी जागा दिसली की आधी ती साफ करून टाकतो. इथे रिकामी जागा हाच डेटा होता, आणि मी ती अर्धा तास फेकून देत होते.

आता यामागचं जरा नीट सांगते.

केचुआमध्ये आकाशगंगेला ‘मायू’ म्हणतात. मायू म्हणजे नदी. आपणही आकाशगंगाच म्हणतो की! पृथ्वीच्या दोन टोकांवरच्या माणसांना तिथे नदीच दिसली. पण अँडीजमधल्या लोकांनी त्या नदीत पाणी प्यायला आलेले प्राणीही बघितले. या काळ्या आकृत्यांना ‘याना फुयू’ म्हणतात, म्हणजे काळे ढग. विज्ञानाच्या भाषेतही ते ढगच आहेत. ताऱ्यांमधल्या जागेत धूळ आणि वायू साचलेले असतात आणि ते मागच्या ताऱ्यांचा उजेड अडवतात. त्रिशंकूच्या शेजारी जो काळा डाग आहे, तो साधारण सहाशे प्रकाशवर्षं लांब आहे.

मग ओळख करून घ्या. हा त्रिशंकूजवळचा डाग म्हणजे ‘युतू’, तित्तरासारखा दिसणारा पक्षी. त्याच्या पुढे ‘हाम्पातू’, बेडूक. त्याच्याही पुढे लांबलचक ‘माचाक्वाय’, साप. दुसऱ्या बाजूला लामा आणि तिच्या पोटाशी दूध पिणारं पिल्लू. आणि लामाच्या मागावर ‘आतोक’, कोल्हा. लामाचे डोळे मात्र खरे तारे आहेत: आपण ज्यांना मित्र आणि मित्रक म्हणतो, ते दोन. लामा शोधायची तर आधी हे दोन डोळे पकडा, मग मान आणि धड वृश्चिकाच्या दिशेने जातात.

हे नुसतं मनोरंजन नव्हतं. गॅरी अर्टन नावाचे मानववंशशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९७० च्या दशकात मारासजवळच्याच मिसमिनाय गावात राहून तिथल्या लोकांकडून आकाश शिकून घेतलं आणि १९८१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांच्या लक्षात आलं की हे प्राणी जमिनीवरच्या प्राण्यांशी जोडलेले आहेत. उदाहरणार्थ, डिसेंबरमध्ये सूर्य कोल्ह्याच्या भागात येतो, आणि गावकरी सांगतात की कोल्ह्याची पिल्लंही त्याच सुमारास जन्मतात. आकाश, जनावरं, शेती हे सगळं एकच कॅलेंडर.

लामाची गोष्ट तर फार जुनी आहे. इंकांकडे आपल्यासारखी लिपी नव्हती, दोऱ्यांच्या गाठींमध्ये नोंदी ठेवायचे. त्यामुळे स्पॅनिश आल्यावर बरंच काही गेलं. पण १६०८ च्या सुमाराला लिमाजवळच्या वारोचिरी भागातल्या कथा केचुआ भाषेतच लिहून ठेवल्या गेल्या. गंमत बघा, ज्या पाद्र्याच्या आश्रयाने हे हस्तलिखित झालं, तो याच श्रद्धा मोडून काढायला निघाला होता. त्या हस्तलिखितात लामाचं नाव ‘याकाना’. ती नदीच्या मधोमध चालत येते, रात्रीपेक्षाही काळी, सोबत पिल्लू. मध्यरात्री कुणाला न कळता ती समुद्राचं पाणी पिऊन टाकते. ती प्यायली नाही तर सगळं जग बुडेल, अशी ती गोष्ट. म्हणजे जग वाचवणारी कोण, तर एक तहानलेली लामा. मला हे फार आवडलं.

आता थोडं आपल्या कृत्तिकांकडे. हो, त्याच कृत्तिका. केचुआमध्ये त्यांना ‘कोल्का’ म्हणतात, म्हणजे धान्याचं कोठार. जूनच्या अखेरीस, २४ जूनच्या सेंट जॉनच्या सणाच्या आसपास, पेरू आणि बोलिव्हियातले शेतकरी पहाटे उठून डोंगरावर जातात आणि उगवत्या कृत्तिका बघतात. ठळक, मोठ्या दिसल्या तर पाऊस चांगला. धूसर दिसल्या तर पाऊस उशिरा आणि कमी, मग बटाट्याची लागवड काही आठवडे पुढे ढकलायची. वारोचिरीच्या हस्तलिखितातही हाच ठोकताळा आहे: कोठार मोठं दिसलं तर सुबत्ता, लहान दिसलं तर हाल.

ऐकायला अंधश्रद्धा वाटते ना? मलाही वाटली असती. पण २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात बेंजामिन ऑर्लव्ह, जॉन च्यांग आणि मार्क केन यांचा लेख आला. त्यांनी उपग्रहांचे आणि पावसाचे आकडे ताडून बघितले. एल निनोच्या वर्षी जूनमध्ये तिथल्या आकाशात खूप उंचावर ढगांचा इतका पातळ थर असतो, की डोळ्यांना तो ढग म्हणून दिसतच नाही. पण त्यामुळे कृत्तिकांमधले मंद तारे पुसले जातात. आणि एल निनोच्या वर्षी तिथे ऑक्टोबरनंतरचा पाऊस कमी पडतो. म्हणजे शेतकरी चार-पाच महिने आधी एल निनो मोजत होते, नुसत्या डोळ्यांनी. ज्या समाजाचं वर्षभराचं पोट बटाट्यावर आहे, त्याच्यासाठी ही पहाटेची नजर म्हणजे विमाच होता. मृग कधी निघतोय आणि यंदा वाहन कुठलं, हे विचारणारे आपले आजोबा त्यांना लगेच समजले असते.

दिवसाच्या इंका खगोलाबद्दल थोडक्यात, कारण ते तुम्हाला कुठलाही गाइड सांगेल. कुस्कोमधलं कोरिकांचा हे सूर्याचं मुख्य मंदिर. त्यावर स्पॅनिशांनी चर्च बांधलं, पण खालच्या इंका भिंती अजून उभ्या आहेत. माचू पिचूमध्ये तोरेओन नावाची गोल भिंतीची इमारत आहे. जूनमधल्या अयनदिनाला, म्हणजे तिथल्या सगळ्यात लहान दिवशी, उगवत्या सूर्याचा किरण तिच्या खिडकीतून आत येऊन खडकावरच्या कडेला समांतर पडतो. आणि २४ जूनला कुस्कोमध्ये इंती रायमी, सूर्याचा सण. स्पॅनिशांनी तो बंद पाडला होता, १९४४ पासून पुन्हा साजरा होतो. एक लक्षात ठेवा, माचू पिचूमध्ये रात्री प्रवेश नाही. तारे बघायला वस्तीच्या गावी जावंच लागतं.

तर जायचं असेल तर काय करायचं?

पहिलं, मे ते ऑगस्टमध्ये जा. तो कोरडा हंगाम. नोव्हेंबर ते मार्च पाऊस, वर फक्त खरे ढग दिसतील. दुसरं, तिकीट काढायच्या आधी अमावास्येची तारीख बघा. चंद्र असला की लामा गायब. तिसरं, जूनअखेर रात्री आठ-साडेआठला दक्षिणेकडे तोंड करा. लामाचे डोळे तेव्हा सगळ्यात वर असतात. मध्यरात्रीला आकाशगंगेचा मधला, सगळ्यात तेजस्वी भाग जवळपास डोक्यावर येतो. पहाटे पाचला पूर्व-ईशान्येला कृत्तिका. ध्रुव तारा मात्र शोधू नका. विषुववृत्ताच्या खाली तो दिसत नाही.

चौथं, उंचीशी मस्ती नको. कुस्को ३,४०० मीटरवर आहे. विमानातून उतरून थेट तिथेच राहण्यापेक्षा पहिले दोन दिवस खाली ओयांतायतांबोला, २,८०० मीटरच्या आसपास काढा. कोकाच्या पानांचा चहा मिळेल, तिथे प्या. पानं बॅगेत घालून भारतात आणू नका, गुन्हा आहे. पाचवं, जूनमध्ये रात्री तापमान शून्याखाली जातं. पुण्याच्या थंडीचं जॅकेट पुरणार नाही.

आणि सहावं, फोन. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एक नोटिफिकेशन ती घालवतं. लागलाच तर लाल उजेड वापरा. काकांनी ‘आपागा’ म्हटलं ते उगाच नव्हतं.

आता जी गोष्ट मला तिथून आल्यापासून टोचतेय, ती सांगते. शहरात दिव्यांचा उजेड वाढला तरी ठळक तारे टिकतात. मुंबईतूनही व्याध दिसतो. पण काळा लामा दिसायला मागे आकाशगंगेचा उजेड लागतो. ती फिकी झाली की लामा, पिल्लू, कोल्हा, बेडूक सगळे एकदम जातात. सगळ्यात आधी जातात. कुस्को शहराच्या चौकात उभं राहून मला याना फुयू दिसला नाही. आणि मारासहून फार लांब नाही अशा चिंचेरोला आता नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ बांधला जातोय. कुणासाठी? आपल्यासारख्यांसाठीच. काकांच्या अंगणातून त्या बाजूला क्षितिजावर एक पिवळट पट्टा दिसतो. मी विचारलं, याचं काही वाटतं का? ते म्हणाले, मुलगा तिथे कामाला लागेल म्हणतोय. पुढे काही बोलले नाहीत. मीही काही बोलले नाही, कारण त्यांच्या मुलाला पगार नको असं म्हणणारी मी कोण? मी स्वतः विमानानेच गेले होते.

माझ्याकडे यावर उत्तर नाही. एवढंच करता येतं की गेलात तर गावात राहा, तिथल्या माणसालाच आकाश दाखवायचे पैसे द्या, आणि अंगणातला दिवा ‘फोटोसाठी’ लावायला सांगू नका. अंधारालाही किंमत आहे हे पाहुण्यांनी दाखवलं तर घरचेही तो जपतील, असं मला वाटतं.

जाता जाता, पेरूचं तिकीट सगळ्यांना परवडेलच असं नाही, मलाही तीन वर्षं साठवावे लागले. पण लामाचे डोळे आपल्याकडूनही दिसतात. मे महिन्याच्या शेवटी, मान्सूनचे ढग यायच्या आधी, रात्री साडेदहा-अकराला कोकणातल्या एखाद्या काळोख्या किनाऱ्यावर जा. दक्षिणेला क्षितिजापासून मूठभर उंचीवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीएवढं वर, दोन ठळक तारे शेजारी शेजारी दिसतील. मित्र आणि मित्रक. लामा आपल्याकडे बघतेय.

दिसले तर मला मेसेज करा. फोटो पाठवू नका, नुसतं सांगा. चला, भेटू पुढच्या भागात. शुभ रात्री!