बंडाचा पेहराव आणि खरे बंड
(युद्धोत्तर अमेरिकन समाजासंबंधीच्या व्याख्यानाचा मजकूर)



बंगळूरच्या जुन्या शहरातील चिकपेट ही कापडाची पेठ आहे. १६३८ साली हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुढे येथे स्थायिक झालेल्या मराठी भाषकांपैकी भावसार रंगाऱ्यांनी आणि नामदेव शिंप्यांनी या परिसरात पिढ्यानपिढ्या कापड रंगविले, बेतले आणि शिवले. आज तेथे रेशमी साड्यांच्या दुकानांशेजारी जीन्सच्या घड्या रचलेल्या दिसतात. जीन्स घालणारा तरुण स्वतःला चाकोरीबाहेरचा मानतो. ही समजूत युद्धोत्तर अमेरिकेत घडविली गेली. ती कशी घडली, हे समजून घेतले म्हणजे त्या समाजातील मुकाट अनुसरण आणि बंडखोरी या दोहोंचे स्वरूप उलगडते.

जीन्स हे मुळात मजुराचे वस्त्र. नेवाडा राज्यातील रेनो गावचा शिंपी जेकब डेव्हिस याने कष्टकऱ्यांच्या विजारींचे खिसे उसवू नयेत म्हणून त्यांना तांब्याच्या खिळ्या ठोकल्या. १८७३ साली त्याने व्यापारी लेव्ही स्ट्रॉस याच्यासह त्याचे पेटंट घेतले. ऐंशी वर्षांनंतर हेच वस्त्र बंडाचे चिन्ह म्हणून विकले जाऊ लागले. मधल्या काळात अमेरिकेत काय घडले होते?

चाकोरीचा पाया

दुसरे महायुद्ध संपताच अमेरिकन कामगारवर्ग मैदानात उतरला. एकट्या १९४६ साली सुमारे ४६ लाख कामगार संपावर गेले. भांडवलदार वर्गाने त्याला दुहेरी उत्तर दिले. पहिले उत्तर दडपशाहीचे होते. १९४७ च्या टाफ्ट-हार्टले कायद्याने कामगार संघटनांच्या पदाधिकाऱ्यांकडून आपण कम्युनिस्ट नसल्याची प्रतिज्ञापत्रे मागितली. त्याच वर्षी अध्यक्ष ट्रुमन यांनी सरकारी नोकरांच्या निष्ठेची तपासणी सुरू केली. १९४९ साली कम्युनिस्ट पक्षाच्या अकरा नेत्यांना दोषी ठरविण्यात आले. सीआयओ या कामगार महासंघाने आपल्याच अकरा डाव्या संघटनांना बाहेर काढले. मॅकार्थी हा सिनेटर १९५० साली गाजला खरा, परंतु त्याच्यासाठी जमीन आधीच नांगरून ठेवलेली होती.

दुसरे उत्तर आमिषाचे होते. जनरल मोटर्सने १९५० साली मोटार कामगारांच्या संघटनेशी पाच वर्षांचा करार केला. महागाईनुसार वेतनवाढ आणि निवृत्तिवेतन कामगारांच्या पदरात पडले. त्या बदल्यात उत्पादन कसे चालवावे हा प्रश्न मालकाच्या हाती राहिला. न्यूयॉर्कजवळ १९४७ पासून लेव्हिटटाउन ही वसाहत उभी राहू लागली. एकाच साच्यातली सतरा हजारांहून अधिक घरे तेथे बांधली गेली आणि गोऱ्यांखेरीज कोणालाही तेथे राहता येऊ नये अशी अट करारात घालण्यात आली. कर्जाचे हप्ते भरणारा मनुष्य सहसा तोंड उघडत नाही. समाजशास्त्रज्ञांनी या मुकेपणाला स्वभावदोष म्हटले. वस्तुतः तो भय आणि हप्ता यांच्या मिलाफातून निर्माण झालेला होता.

एकाच वर्षातील दोन बंडे

१९५५ सालच्या ऑक्टोबरमध्ये जेम्स डीन या नटाचा ‘रिबेल विदाउट अ कॉज’ हा चित्रपट झळकला. त्यातला सुखवस्तू घरचा तरुण आईबापांवर चिडतो, शाळेत भांडतो, मोटारी पळवितो. त्याच्या अंगावर जीन्स आहे. त्याची घुसमट खोटी नव्हती. परंतु त्या घुसमटीला शत्रूचे नाव ठाऊक नव्हते आणि म्हणूनच ती बाजाराला परवडणारी होती. ज्या व्यवस्थेने संघटित विरोध चिरडला, तिनेच एकट्या माणसाचा राग दुकानात मांडला.

त्याच वर्षी १ डिसेंबरला अलाबामातील माँटगोमेरी शहरात एका कृष्णवर्णीय स्त्रीने बसमधली जागा गोऱ्या उतारूसाठी सोडण्यास नकार दिला. रोझा पार्क्स एका मोठ्या दुकानात शिवणकाम करीत. त्यांच्या अंगावर बंडाचा कोणताही पेहराव नव्हता. ती केवळ थकलेल्या बाईची क्षणिक ऊर्मी होती, असे पुढे सांगितले गेले. पण ते खरे नाही. त्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या चिटणीस राहिलेल्या होत्या. त्याच उन्हाळ्यात त्यांनी कार्यकर्त्यांच्या शिबिरात शिक्षण घेतले होते. त्यांना जामिनावर सोडवून आणण्यासाठी धावलेले ई. डी. निक्सन हे रेल्वेतील शयनयान कामगारांच्या संघटनेचे पुढारी होते. बहिष्कार ३८१ दिवस चालला. हजारो मोलकरणी आणि मजूर पायी कामावर गेले, आणि अखेरीस बसमधील वर्णभेद कायद्याने मोडला.

खऱ्या बंडाची किंमतही खरी असते. १९६६ साली ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला. त्याचा एकवीस वर्षांचा नेता फ्रेड हॅम्प्टन ४ डिसेंबर १९६९ रोजी शिकागोमध्ये पोलिसांच्या छाप्यात मारला गेला. या पक्षाचे नाव १९७२ साली मुंबईत पोहोचले आणि नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आदी तरुणांनी दलित पँथर उभी केली. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या चाळींतून दंगल पेटली आणि भागवत जाधव हा तरुण बळी पडला. येथे आत्मपरीक्षण आवश्यक आहे. वर्गाचा प्रश्न सुटला की जातीचा प्रश्न आपोआप सुटेल, अशी चाकोरी डाव्या चळवळीतही रुळली होती. तिला धक्का देणाऱ्या तरुणांचे म्हणणे पुष्कळदा ऐकून घेतले गेले नाही. मुकाट अनुसरण हा केवळ अमेरिकेचा रोग नव्हे.

बंगळूरचे सुईदोऱ्याचे बंड

आता पुन्हा बंगळूरकडे वळू. या शहराच्या कडेला, बोम्मनहळ्ळी, पीण्या अशा भागांतील कारखान्यांत अमेरिका व युरोपच्या दुकानांसाठी कपडे शिवले जातात. शिवणाऱ्या बहुतांशी स्त्रिया आहेत. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने नियम बदलला : भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा वाटा कामगाराला वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत काढता येणार नव्हता. ज्या कामात बाई काही वर्षांतच थकून बाहेर पडते, तेथे हा निधी म्हणजे मुलांची फी आणि घरातल्या दुखण्याची तजवीज. १८ आणि १९ एप्रिलला हजारो स्त्रिया यंत्रे बंद करून रस्त्यावर आल्या. लाठीमार झाला, अश्रुधूर सोडला गेला. तरीही त्या हटल्या नाहीत. १९ एप्रिललाच सरकारने नियम मागे घेतला.

दोन दिवसांत केंद्र सरकारला नमविणाऱ्या या लढ्यामागे कोणत्याही मोठ्या संघटनेची हाक नव्हती. ही त्या स्त्रियांची थोरवी आहे आणि कामगार चळवळीला दिलेला इशाराही आहे. लाट ओसरल्यावर वेतन, कामाचे लक्ष्य आणि मुकादमाची अरेरावी हे प्रश्न तसेच उरतात. माँटगोमेरीत ३८१ दिवस टिकण्याचे बळ आधीच्या वर्षांतील चिकाटीच्या बांधणीतून आले होते. ती बांधणी येथे अजून व्हायची आहे.

म्हणून जीन्स घालणाऱ्या तरुणाची टिंगल करू नये. त्याची अस्वस्थता खरी आहे. मात्र त्याच्या अंगावरील कापड कोणी शिवले, किती मजुरीत शिवले आणि नफा कोणाकडे गेला, हा प्रश्न त्याच्यापुढे ठेवला पाहिजे. तो प्रश्न घेऊन तो त्या शिवणाऱ्या स्त्रीच्या शेजारी उभा राहिला, तर मजुराचे हे वस्त्र पुन्हा मजुराच्या बाजूचे होईल.