खरखरीचा हिशेब : अध्यक्षीय भाषण



'नॉइज'साठी परिभाषाकारांनी कोणताही शब्द पसंत करावा; लांबच्या रेडिओ स्टेशनला कान लावणाऱ्या माणसाने त्याला केव्हाच 'खरखर' म्हणून टाकले आहे. मीही आज तोच शब्द वापरणार आहे. आपल्या व्यवसायात ऑप्टिकल ॲम्प्लिफायर विकत घेताना पहिला प्रश्न असतो, याचा नॉइज फिगर, म्हणजे हा सिग्नलमध्ये घालतो त्या खरखरीचे माप, किती? प्रश्न चुकीचा नाही, पण तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असायला हवा, हा ॲम्प्लिफायर बसणार कुठे? माझे आजचे म्हणणे एवढेच आहे, आणि ते आकड्यांनी तपासता येते.

खरखर येते कुठून ते आधी पाहू. 1550 नॅनोमीटरच्या प्रकाशाची फायबरच्या काचेत किलोमीटरमागे साधारण 0.2 डेसिबेल घट होते. ऐकायला किरकोळ वाटते. पण मुंबई ते पुणे दीडशे किलोमीटर धरले तर 30 डेसिबेल झाले, म्हणजे हजारातला एकच भाग पोहोचला. 1987 साली साउदॅम्प्टनला डेव्हिड पेन यांच्या गटाने आणि बेल लॅब्जमध्ये इमॅन्युएल देझुर्व्हिर यांनी अर्बियममिश्रित फायबरने यावर उपाय दाखवला. त्याआधी दर टप्प्याला प्रकाशाची वीज करायची आणि विजेचा पुन्हा प्रकाश, असा द्राविडी प्राणायाम होता. या ॲम्प्लिफायरचे पोट उघडले तर आत काही मीटर फायबरचे वेटोळे दिसते. 980 नॅनोमीटरचा पंप सुरू असला की अंधारात ते हिरवट चमकते. पंपाने वर चढवलेला अर्बियमचा आयन सिग्नलच्या धक्क्याने खाली उतरला, तर सिग्नलची हुबेहूब प्रत मिळते. पण काही आयन कोणी न बोलावताच उतरतात. त्यांच्या फोटॉनचा सिग्नलच्या फेजशी काडीचा संबंध नसतो, आणि पुढच्या फायबरमध्ये तेही मोठे होत जातात. हीच आपली खरखर. आणि ती कारागिरीतली उणीव नव्हे. हेफ्नर यांनी 1962 मध्ये आणि केव्ह्ज यांनी 1982 मध्ये दाखवून दिले की लहरीचे दोन्ही घटक सारखेच वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरला, वाढ भरपूर असेल तर, नॉइज फिगरमध्ये 3 डेसिबेलच्या खाली जाता येत नाही. तसे जाता आले असते तर आधी वाढवून मग मोजून हायझेनबर्गच्या अनिश्चिततेला बगल देता आली असती. कोहेरंट रिसीव्हरला नेमके हे दोन्ही घटक एकाच वेळी हवे असतात. म्हणजे जे आपण मागतो, त्याचीच ही किंमत आहे.

आता हिशेब. मुंबई ते नागपूर सुमारे आठशे किलोमीटर, 80 किलोमीटरचा एक असे दहा टप्पे. प्रत्येक टप्प्यात 16 डेसिबेल घट, चॅनेलमागे 1 मिलिवॉट सोडलेला, नॉइज फिगर 5. आपल्या सर्वांना पाठ असलेल्या सूत्रात 58 मधून 16, 5 आणि दहा टप्प्यांचे 10 वजा करा : शेवटी 27 डेसिबेल ओएसएनआर, म्हणजे सिग्नलचे खरखरीशी गुणोत्तर, उरतो. मधले ॲम्प्लिफायर काढून 160 किलोमीटरचे पाचच टप्पे केले तर घट 32, टप्प्यांचे 7, उरले 14. फायबर तेच, एकूण घट तीच, यंत्रे निम्मी, आणि तोटा 13 डेसिबेलचा, म्हणजे वीसपट. स्पेक्ट्रम ॲनलायझरच्या पडद्यावर तो डोळ्यांना दिसतो : चॅनेलच्या शेंड्यांची उंची तीच, पण त्यांच्या पायाखालची जमीन वर आलेली. उलट नॉइज फिगर 5 वरून थेट निसर्गाच्या सीमेवर, 3 वर आणला, तर मिळकत 2 डेसिबेल. सिग्नल खोल बुडाल्यावर त्याला वर काढणारा कितीही कुशल असो, त्याच्याबरोबर चिखल वर येणारच.

कोणी म्हणेल, मग सुरुवातीलाच पॉवर वाढवा. वाढवून पाहिली आहे. केर परिणामामुळे चॅनेल एकमेकांना ढवळतात आणि ही दुसरी खरखर पॉवरच्या घनाने वाढते. प्रचलित गणिती प्रारूपानुसार ही ढवळाढवळ ॲम्प्लिफायरच्या खरखरीच्या निम्मी होते तिथेच उत्तम पॉवर सापडते, त्यापुढे नुकसानच. दुसरा आक्षेप डिजिटल सिग्नल प्रोसेसिंगवाल्या मित्रांचा असतो. त्यांचे ऋण मोठे आहे. 1987 नंतर अर्बियमने अडगळीत टाकलेली कोहेरंट पद्धत 2008 च्या सुमारास बाजारात आली ती त्यांच्या चिपच्या जोरावर. परंतु डिस्पर्शन उलटवता येते, कारण त्याला नियम आहे. बिनबोलावता उतरलेल्या फोटॉनला तो नाही. चुका दुरुस्त करणारे कोड मदतीला येतात, तेही शॅननने 1948 साली आखलेल्या रेषेपर्यंतच. तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. फेज-संवेदी ॲम्प्लिफायर 3 डेसिबेलची सीमा ओलांडतो. स्वीडनमधल्या चाल्मर्सच्या प्रयोगशाळेने 2011 मध्ये सुमारे 1 डेसिबेलचा नॉइज फिगर दाखवला. हे खरे आहे, आणि नियम मोडूनही नाही. तिथे सिग्नलबरोबर त्याची एक जोडप्रत पाठवावी लागते, म्हणजे निम्मा स्पेक्ट्रम तिच्यात जातो. अवकाशातल्या दुव्याला हा सौदा परवडेल. आपल्या गच्च भरलेल्या फायबरला परवडेल असे मला वाटत नाही. वाटणाऱ्यांनी चर्चासत्रात जरूर भांडावे.

जागेचा विचार ज्याने खऱ्या अर्थाने केला तो रामन ॲम्प्लिफायर. समोरच्या टोकाकडून 1450 नॅनोमीटरच्या आसपासचा पंप लाइनच्या फायबरमध्येच उलटा सोडायचा, म्हणजे सिग्नल तळाला जाण्याआधीच, वाटेतच त्याला हात मिळतो. कागदावर त्याचा परिणामी नॉइज फिगर शून्याखाली उतरतो आणि विद्यार्थी गोंधळतात. हा केवळ जमाखर्चाचा प्रकार आहे : टप्प्यातली सारी घट जशीच्या तशी झाली असे मानून वाटेतल्या मदतीचे सारे श्रेय शेवटच्या टोकाला दिलेले असते. ऑपरेटर म्हणतील, टप्पे लहान ठेवायचे तर ॲम्प्लिफायरची प्रत्येक मधली खोली म्हणजे जागा, वीज, बॅटरी, डिझेल, पहारा. तुमचे डेसिबेल कोण पोसणार? तक्रार रास्त आहे. म्हणूनच जिथे घाटात किंवा जंगलात खोली बांधता येत नाही, त्या लांब टप्प्यांवर आधी रामन बसवावा आणि निविदेत नॉइज फिगरच्या शेजारी टप्प्याची घटही मागावी. त्यासोबत एक साधी गोष्टही लिहावी. हा पंप काही शे मिलिवॉटचा असतो आणि केसाएवढ्या काचेच्याही गाभ्यातून जातो. कनेक्टरच्या तोंडावर धुळीचा कण राहिला तर तो तिथेच जळतो आणि फायबरचे टोक करपते. तेव्हा खोलीतल्या माणसाच्या हाती कनेक्टर तपासायचा स्कोप आणि पुसायचे साधन आहे का, हे मंजुरीची सही करण्यापूर्वी विचारावे.