आपल्या वाट्याचे कागद
(जिल्हा बैठकीत झालेले भाषण)



आजच्या बैठकीत बोलायला मला 'श्रद्धा आणि नेतृत्व' असा विषय दिला आहे. कापसाच्या भावाचे बोलायचे सोडून हे कीर्तन कशाला, असे दोघातिघांनी विचारलेही. त्यांना माझे उत्तर असे. भाव मागायचा असो, कर्जमुक्ती मागायची असो, आपण कोणाच्या तरी शब्दावर भरवसा ठेवून घराबाहेर पडतो. तो शब्द कोणत्या कसोटीवर घासून घ्यायचा, हा आपल्या पोटापाण्याचाच प्रश्न आहे.

कसोटी फार लांब शोधायला नको. तुकाराम महाराज देहूचे, जातीने कुणबी. घरात शेती, दुकान आणि पिढीजात सावकारी. १६३० च्या सुमारास दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. त्यात त्यांची पहिली बायको गेली, मुलगा गेला, धंदा बसला. पुढे त्यांनी घरातले कर्जरोखे बाहेर काढले आणि इंद्रायणीत बुडवले, असे वारकरी परंपरा सांगते. लोकांकडून येणे असलेला पैसा त्यांनी पाण्यात सोडून दिला. आजही कर्जमुक्तीच्या सभेत ही गोष्ट सांगितली की टाळ्या पडतात.

पण त्या गोष्टीतला एक बारकावा आपल्या हातून निसटतो. महाराजांनी सगळे कागद बुडवले नाहीत. आधी दोन वाटे केले. अर्धे कागद धाकटे भाऊ कान्होबा यांच्या हवाली केले, आणि आपल्या वाट्याचे तेवढे बुडवले. भावालाही संसार होता. महाराजांना उमगलेले भावाला उमगलेच पाहिजे, असा हट्ट त्यांनी धरला नाही. स्वतःच्या श्रद्धेची किंमत स्वतःच्या वाट्यातून चुकवली, भावाच्या वाट्याला हात लावला नाही.

मला वाटते, श्रद्धेवर चालणाऱ्या पुढाऱ्याची सगळी परीक्षा या अर्ध्या वाट्यात आहे.

महाराजांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सुरू केली. देहूहून निघून ती बारामतीला मुक्काम करते. पुढे काटेवाडीला परीट समाज पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या घालतो आणि मेंढपाळांची मेंढरे पालखीला रिंगण घालतात. बेलवाडीला गोल रिंगण होते, निमगाव केतकीवरून पालखी इंदापुरात येते, आणि मग नीरा ओलांडून सोलापूर जिल्ह्यात उतरते. एवढी लाखांची दिंडी चालते, पण पालखीत माणूस बसलेला नसतो, पादुका असतात. विणेकरी आपल्या पायांनी चालतो, बाकीचे त्याच्याबरोबर चालतात.

याच वाटेच्या आजूबाजूला आणखी एकदा कर्जाचे कागद नाहीसे झाले. बारामती-इंदापूर म्हटले की आज ऊस डोळ्यांपुढे येतो. त्या काळी नीरेचा डावा कालवा झालेला नव्हता. मुलूख आपल्यासारखाच, पावसाच्या तोंडाकडे पाहणारा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून इकडे कापसाला भाव चढला. सावकारांनी हात सैल सोडला, उधारी वाढली. युद्ध संपले आणि भाव कोसळला. सरकारने मात्र त्याच सुमारास साऱ्याची नवी आकारणी केली. इंदापूर तालुक्याचा १८३६ साली बांधलेला सारा तीस वर्षांची मुदत संपताच चांगलाच वाढवला. उत्पन्न घटले, सारा वाढला, वर सावकाराची जप्ती.

१२ मे १८७५ रोजी सुपे या बाजारगावी, म्हणजे आजच्या बारामती तालुक्यात, शेतकऱ्यांनी सावकारांचे खत आणि चोपड्या काढून जाळल्या. लुटालूट झाली. पण हे लोण जिथे जिथे पसरले तिथे मुख्य रोख कागदांवर होता. कागद हाती आला की बहुतेक ठिकाणी माणसाच्या जिवाला हात लावला गेला नाही. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. खताच्या मागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला, कर्जापायी तुरुंगात टाकणे बंद झाले.

हे यश लहान नव्हे. पण कर्जबाजारीपण संपले का? नाही. कागद जळाला, कर्ज का होते ते कारण तसेच राहिले. तुकोबांच्या कागदांनीही दुष्काळ हटला नव्हता. म्हणून भावाचे, पाण्याचे, धोरणाचे भांडण सोडता येत नाही, आणि ते लांबवर लढायचे तर पुढाऱ्याचा शब्द टिकावा लागतो.

आता आपल्या घरचे बोलू. समजा उद्या आपण ठरवले की अमुक भाव मिळेपर्यंत कापूस विकायचा नाही. ज्याच्या घरात तीसचाळीस क्विंटल आहे आणि बँकेत दोन पैसे आहेत, त्याला दोन महिने थांबणे जड नाही. ज्याच्या घरात पाच क्विंटल आहे, दुकानदाराची उधारी आहे, लेकीचे लग्न तोंडावर आहे, त्याचे काय? त्याचा कापूस म्हणजे कान्होबाचा वाटा. तो थांबला तर त्याचे उपकार. त्याने विकला तर त्याला गद्दार म्हणायचा अधिकार कोणत्याही कार्यकर्त्याला नाही. आणि ज्याने व्यासपीठावरून थांबा म्हटले, पण ज्याचा स्वतःचा कापूस आदल्या आठवड्यातच गाडीत चढला होता, त्याने पुन्हा माईकपुढे उभे राहू नये.

पालखीच्या वाटेच्या शेवटी पंढरपूर आहे. विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून १ मे १९४७ रोजी साने गुरुजी तिथेच उपोषणाला बसले, दहा दिवस बसले, आणि दार उघडले. त्याआधी काही महिने ते महाराष्ट्रभर फिरून लोकांची मने वळवत होते. आधी समजावले आणि मग पणाला लावला तो आपला जीव.

म्हणून आजच्या बैठकीपुढे माझी सूचना आहे. आंदोलनाचा ठराव मांडणाऱ्या प्रत्येकाने आधी उभे राहून सांगावे, यात माझ्या घरचे काय जाणार आहे. नंतर सांगावे, ज्याला हे झेपणार नाही त्याच्यासाठी मी काय करणार आहे. गावातले चार जण मिळून त्या पाच क्विंटलवाल्याची उधारी महिनाभर सांभाळू शकतात का, हे आधी विचारावे, मग हात वर करावेत. तालुक्याच्या निधीचा जमाखर्चही त्याच बैठकीत मोठ्याने वाचावा, मायबहिणींना ऐकू जाईल असा. घरातले देणे किती आणि किती दिवस दम निघेल, याचा हिशेब बहुतेक घरांत त्यांच्याकडेच असतो.

गळ्यात माळ आहे की नाही, हे ज्याचे त्याने पाहावे. आपण एवढेच विचारू, की बाबा, तुझ्या वाट्याचे कागद कुठे आहेत?